वेडी कोण, शहाणी कोण?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

रानातून नुकत्याच घरी आलेल्या, भाकरी थापता थापता रेडिओ लावून बसलेल्या आणि गटाच्या बैठकीत एकत्र ऐकणाऱ्या सगळ्या जणींना नमस्कार.

आज मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. लेकराला जवळ घेताना ‘येडं गं माझं ते’ म्हणतो. आईच्या मायेला वेडी माया म्हणतो. कुणाला गाण्याचं वेड असतं, कुणाला वारीचं. तिथं हा शब्द गोड आहे.

पण हाच शब्द दुसऱ्या तऱ्हेनंही वापरला जातो. ‘तिचं काय ऐकता, ती वेडी आहे.’ एवढं एक वाक्य कुणी म्हटलं की त्या बाईचं बोलणं संपलं. मग ती खरं सांगत असो, रडून सांगत असो, कागद दाखवून सांगत असो, ऐकणारा मान हलवतो आणि निघून जातो. चोर म्हटलेल्या माणसाला निदान आपली बाजू मांडता येते. वेडी म्हटलेल्या बाईला तीही मांडता येत नाही, कारण ती जे काही बोलेल ते वेडातच धरलं जातं.

आणि याच्या उलटा शब्द बघा, शहाणी. तोही आपल्या वाट्याला धड येत नाही. काही भागांत मुलीला पाळी आली की ती शहाणी झाली असं म्हणतात. म्हणजे आता हुंदडू नको, मोठ्यानं हसू नको. पुढं सून म्हणून गेली आणि तिनं हिशेब विचारला की लगेच ऐकावं लागतं, ‘लई शहाणी झालीस का?’ गावात शहाणा माणूस म्हणजे चार लोक सल्ला विचारायला ज्याच्याकडे जातात तो. शहाणी बाई म्हटलं की मात्र तो बहुतेक वेळा टोमणाच असतो. गप्प बसली तर खुळी, बोलली तर जादा शहाणी.

म्हणून आज दोन प्रश्न तुमच्या हाती द्यायचे आहेत. कुणी एखाद्या बाईला वेडी म्हटलं की हे दोन प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न: तिला त्रास होतोय का, तिचं रोजचं जगणं अडलंय का? आणि दुसरा: तिला वेडी म्हटल्यानं कुणाचं काम सोपं होतंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दवाखान्यात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर घरात, शेतात आणि कागदपत्रांत शोधावं लागतं.

एक गोष्ट सांगते. ही एकाच बाईची गोष्ट नाही. बऱ्याच जणींच्या आयुष्यातलं थोडंथोडं एकत्र करून सांगते, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडायला नको. आपण तिला वहिनी म्हणू.

वहिनीचा नवरा अपघातात गेला. दोन एकर जमीन, दोन लेकरं. पहिले काही महिने वहिनी रात्री उठून ओट्यावर बसायची. कधी नवऱ्याशी बोलल्यासारखी बोलायची. जेवण तुटलं होतं, झोप उडाली होती. शेजारणी हळहळायच्या. मग हळूहळू दिरांनी बोलायला सुरुवात केली, ‘तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. लेकरांचं आम्हालाच बघावं लागणार.’ भावकीत हे पसरलं. वारसनोंदीची वेळ आली तेव्हा एक कागद पुढं आला, हक्कसोडपत्र. वहिनीनं आपला हिस्सा दिरांच्या नावे सोडायचा, त्यांनी तिला सांभाळायचं.

वहिनी बचत गटात होती. गटातल्या बायांनी एक साधी गोष्ट केली. गटाचं रजिस्टर काढून दिरांपुढं ठेवलं. नवरा गेल्यापासून एकाही महिन्याची बचत चुकली नव्हती. दर महिन्याला तिची स्वतःची सही होती. कर्जाचा हप्ता किती राहिला हे तिला तोंडपाठ होतं. आणि मग गटातल्या एका म्हातारीनं विचारलं, ‘बाबांनो, ती वेडी असेल तर तिची सही चालते कशी? आणि सही चालत असेल तर ती वेडी कशी?’

मैत्रिणींनो, हा प्रश्न लक्षात ठेवा. आपल्या कराराच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. सही करताना ज्या माणसाला आपण काय करतोय आणि त्यात आपलं हित काय हेच समजत नसेल, त्याचा करार टिकत नाही. गावात तिला वेडी म्हणायचं आणि निबंधकाच्या कचेरीत शहाणी म्हणून तिचा अंगठा घ्यायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत.

पण गोष्ट इथं संपली नाही. वहिनीला खरोखर त्रास होताच. झोप नव्हती, जगावंसं वाटत नव्हतं. गटातल्याच एकीनं तिला जिल्ह्याच्या सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी उदासीनतेचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या, बोलायला वेळ दिला. काही महिन्यांनी ती पुन्हा खुरपायला जायला लागली.

म्हणजे काय झालं? वहिनीच्या बाबतीत आपल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असं होतं. तिला आजार होता. आणि तिला वेडी म्हटल्यानं दुसऱ्याचं काम सोपं होत होतं. या दोन गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत, एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आजार होता म्हणून जमिनीवरचा हक्क गेला नाही. आणि हक्काचं भांडण होतं म्हणून आजाराकडे दुर्लक्ष केलं असतं तरी ती बाई गेली असती.

आता आजाराबद्दल बोलू. काही जणी म्हणतात, हे सगळं मनाचे खेळ आहेत, कामाला लागली की बरी होईल. तसं नाही. मन आजारी पडतं, जसं पोट आजारी पडतं. मधुमेह जसा रागावून जात नाही, तसा हा आजारही रागावून किंवा समजूत काढून जात नाही.

ओळखायचं कसं? काही खुणा सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास आहे, कशातच जीव रमत नाही, भूक-झोप गेली आहे, आपण कुणाच्याही कामाचे नाही असं सारखं वाटतं. किंवा दुसऱ्यांना ऐकू येत नाहीत असे आवाज हिला ऐकू येतात. सगळे माझ्या वाईटावर आहेत, जेवणात काही कालवतात, असा पक्का संशय आहे आणि तो समजावून हलत नाही. किंवा रात्र रात्र झोप नाही तरी अंगात वीज भरल्यासारखी चालते, बोलणं थांबत नाही, असेल नसेल तो पैसा उधळते. अंघोळ, कपडे, खाणं, लेकरांकडे बघणं हे सगळं सुटलं आहे. अशा वेळी डॉक्टरकडे न्यायचं, उशीर करायचा नाही. आणि कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर ती धमकी समजू नका, नाटक समजू नका. तिच्याजवळ बसा, सरळ विचारा, फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि त्याच दिवशी मदत घ्या.

तीन प्रसंग वेगळे सांगते, कारण ते आपल्या घरात घडतात आणि तिथं फार घोटाळा होतो.

पहिला, बाळंतीण. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं, ते आपोआप जातं. पण हजार बाळंतिणींतल्या एखाद-दुसरीला, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, एकदम वेगळंच होतं. ती झोपत नाही, भलतंसलतं बोलते, हे बाळ माझं नाहीच म्हणते, कुणीतरी मला काही करायला सांगतंय म्हणते. जुन्या बाया म्हणायच्या वात झाला. कुणी म्हणतं, बाहेरचं लागलं. मैत्रिणींनो, हा आजार आहे आणि तो तातडीचा आहे. साप चावल्यावर जशी धावपळ करतो तशी करायची. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही आणि लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. उपचार मिळाले तर या बाया बऱ्या होतात. अशा बाळंतिणीला वेडी म्हणून माहेरी धाडून द्यायचं आणि बाळ ठेवून घ्यायचं, हा मोठा अन्याय आहे. कायदाच सांगतो की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा तोडायचं नाही. आईच्या आजारामुळे बाळाला धोका असेल तरच, तेवढ्यापुरतं वेगळं ठेवायचं.

दुसरा, म्हातारी माणसं. काल नीट असलेली सासू आज एकाएकी माणसं ओळखेना, बरळायला लागली, तर ते बहुतेक वेळा शरीराचं दुखणं असतं. लघवीच्या जागी जंतू झालेले असतात, अंगातलं मीठ कमी झालेलं असतं, साखर खाली गेलेली असते किंवा एखाद्या गोळीचा त्रास झालेला असतो. म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिसरा, दारू. रोज पिणाऱ्या माणसानं एकदम दारू सोडली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, अंगावर किडे चढताहेत असं दिसायला लागतं. घरातल्या बायांना वाटतं, शपथ मोडली, देव कोपला. ते दारू एकाएकी तुटल्याचं लक्षण आहे आणि त्यात जीवही जाऊ शकतो. त्याला दाखल करावं लागतं.

हे झालं आजाराचं. आता आजार नसतो तेव्हा काय? नवरा गेल्यावर वर्षभर डोळे भरून येणं हे दुःख आहे, आजार नव्हे. लग्न नको म्हणणं आजार नव्हे. एकटीनं राहणं, मोठ्यानं भांडणं, कुंकू लावणं किंवा न लावणं, मुलगी झाली म्हणून पेढे वाटणं, भावाकडे वाटणी मागणं, यांतलं काहीही आजार नव्हे. जत्रेत, आरतीच्या वेळी अंगात येतं आणि नंतर ती बाई नेहमीसारखी कामाला लागते, तिलाही वेडी म्हणायचं कारण नाही. कधीकधी घरात ज्या बाईला तोंड उघडता येत नाही, ती त्या घटकाभरात तोंड उघडते. आपण तिच्याशी एरवी नीट बोललो तर बरंच काही कळेल. मात्र दिवसेंदिवस ती त्यातून बाहेरच येत नसेल, खातपीत नसेल, तर पुन्हा आपला पहिला प्रश्न: तिचं जगणं अडलंय का?

आता कायद्याकडे येते. इंग्रजांच्या काळी, १९१२ साली, या विषयावर जो कायदा झाला त्याच्या नावातच वेडेपणा होता. स्वातंत्र्यानंतरही तो बरीच वर्षं चालला. पुढं १९८७ साली नवा कायदा झाला. आणि आता आपल्याकडे आहे २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्यातल्या काही गोष्टी आपल्या गटांनी वहीत उतरवून ठेवाव्यात अशा आहेत.

एक. कुणाला मानसिक आजार आहे की नाही हे वैद्यकशास्त्राच्या मान्य नियमांनीच ठरेल. भावकी ठरवणार नाही, पंचमंडळी ठरवणार नाहीत, नवराही ठरवणार नाही.

दोन. एखादी व्यक्ती गरीब आहे, अमुक जातीधर्माची आहे, किंवा समाजाच्या रीतीभातींप्रमाणे, श्रद्धांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे चालीरीतीला सोडून वागणारी ती वेडी, हे गावातलं माप कायद्याला मान्य नाही.

तीन. पूर्वी कधी उपचार घेतले, दवाखान्यात दाखल होती, एवढ्यावरून आजही ती आजारी आहे असं धरता येणार नाही.

चार. डॉक्टरांनी मानसिक आजार सांगितला, म्हणजे त्या व्यक्तीची अक्कल-समज गेली असा अर्थ होत नाही. ते ठरवायचं असेल तर सक्षम न्यायालयच ठरवेल.

यातली तिसरी गोष्ट कायद्यात का लिहावी लागली, हे समजायला एक जुनी परदेशातली हकिकत सांगते. आपल्याकडे म्हण आहे ना, वेड पांघरून पेडगावला जाणे. हे पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी आहे. मुद्दाम वेड्याचं सोंग घ्यायचं आणि आपलं काम साधायचं, असा त्या म्हणीचा अर्थ. १८८७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात नेली ब्लाय नावाच्या एका तरुण बातमीदार बाईनं खरोखरच असं वेड पांघरलं. बायकांसाठी असलेल्या वेड्यांच्या इस्पितळात आत काय चालतं ते तिला बघायचं होतं. ती एका वसतिगृहात राहायला गेली आणि तिथं भ्रमिष्टासारखी वागू लागली. तिला न्यायाधीशापुढं नेलं, डॉक्टरांनी तपासलं, वेडी ठरवलं आणि एका बेटावरच्या इस्पितळात धाडलं.

आत गेल्यावर तिनं सोंग टाकून दिलं. आपण रोज वागतो तशी ती वागायला, बोलायला लागली. पण आता तिचं कोण ऐकणार? वेडी हा शिक्का बसला होता. आत तिला अशाही बायका भेटल्या, ज्या दुसऱ्या देशांतून आलेल्या होत्या आणि ज्यांना इंग्रजी नीट येत नव्हतं, म्हणून आपलं म्हणणं सांगताच येत नव्हतं. गार पाण्याच्या अंघोळी, खराब अन्न, मारहाण हे तिनं पाहिलं. दहा दिवसांनी तिच्या वर्तमानपत्रानं तिला सोडवलं. तिनं सगळं छापलं, चौकशी बसली आणि अशा रुग्णांच्या देखभालीसाठी शहरानं जास्त पैसा दिला. नेली ब्लायला सोडवायला वर्तमानपत्र होतं. आत राहिलेल्या बायांसाठी बाहेर कुणी नव्हतं.

आपल्या आजच्या कायद्यानं याची काळजी घेतली आहे. घरचे म्हणतात म्हणून बाईला मनोरुग्णालयात डांबता येत नाही. तिच्या संमतीशिवाय दाखल करायचं असेल तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक जाणकार किंवा डॉक्टर, अशा दोघांनी तिला वेगवेगळं तपासावं लागतं. तेही आजार गंभीर असेल आणि तिच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःकडे बघणंही तिला जमत नसेल तरच. सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच ठेवता येतं. आणि दाखल झालेली व्यक्ती बाई असेल तर तीन दिवसांच्या आत मंडळाला कळवावं लागतं. तिला मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं आहेत. तिथं जाणं म्हणजे जन्मठेप नव्हे. बरं झालं की घरी यायचं असतं. अडचण बहुतेक वेळा घरातच असते, बरी झालेली बाई परत न्यायला कुणी येत नाही.

आता जमीन आणि संसार. हिंदू वारसा कायदा सांगतो की कोणताही रोग, व्याधी किंवा व्यंग आहे म्हणून कुणाचा वारसाहक्क जात नाही. बाई आजारी असली तरी नवऱ्याच्या आणि बापाच्या मालमत्तेत तिचा जो वाटा आहे तो आहेच. म्हणून कागद वाचल्याशिवाय आणि आपल्या विश्वासाच्या माणसाला दाखवल्याशिवाय सही करू नका. दुखवट्याच्या दिवसांत तर मुळीच नाही.

‘ती वेडी आहे, मी सोडचिठ्ठी घेणार’ असं नवरा म्हणतो. एवढं सोपं नाही ते. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे हे खरं. पण आजार इतका तीव्र असावा लागतो की त्या व्यक्तीबरोबर राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. नुसतं आजाराचं नाव सांगून भागत नाही, तो किती आहे हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सांगितलं आहे. आणि कोर्टाचा निकाल होईपर्यंत ती त्याची बायकोच आहे. आजारी आहे म्हणून पोटगीचा हक्क बुडत नाही. राहत्या घरातून तिला हुसकून काढता येत नाही. आणखी एक: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात घालूनपाडून बोलणं, नावं ठेवणं, थट्टा करून अपमान करणं ही हिंसाच धरली आहे. उठता बसता वेडी, येडपट म्हणणंही त्यात येतं.

आता साखळीबद्दल. आजही काही ठिकाणी अशा माणसाला खांबाला बांधून ठेवतात. कधी घरात, कधी एखाद्या ठाण्यावर नेऊन. ६ ऑगस्ट २००१ या दिवशी तमिळनाडूतल्या एरवाडी गावात, बरं होण्यासाठी म्हणून आणून ठेवलेल्या आजारी माणसांच्या झोपडीला पहाटे आग लागली. ती माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. त्यांना तिथं दुश्मनांनी ठेवलं नव्हतं. घरच्यांनीच आणलं होतं, बरं व्हावं म्हणून, कारण दुसरी वाट ठाऊक नव्हती.

आज साखळीनं बांधायला कायद्यानं पूर्ण बंदी आहे. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरच्यांची धुरी देणं, केस धरून छताला टांगणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हा सगळा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या कायद्यानं तुमच्या देवपूजेला, नवसाला, वारीला कुठंही हात लावलेला नाही. अंगारा लावायचा असेल तर लावा. पण अंगारा लावून एसटीत बसा आणि दवाखान्यात जा.

घरात कुणी आजारी माणसाला कोंडून ठेवत असेल, उपाशी ठेवत असेल, तर पोलीस ठाण्यात कळवता येतं आणि पोलिसांनी ते न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत न्यायचं असतं. रस्त्यावर भटकणारी आजारी बाई दिसली तर तिला हाकलू नका, पोरांना दगड मारू देऊ नका. तिला संरक्षण देणं आणि चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवणं पोलिसांचं काम आहे. तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. रस्त्यावरची अशी माणसं बरी होतात का, असं कुणी विचारलं तर कर्जतचं उदाहरण द्या. तिथं डॉक्टर भरत वटवानी यांची श्रद्धा ही संस्था अशा माणसांना आणून उपचार करते, बरं वाटलं की घरचा पत्ता शोधून पोचवते. हजारो माणसं अशी घरी गेली आहेत. या कामासाठी वटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपण गट म्हणून काय करू शकतो? फार मोठं काही नाही, पण नेमानं करावं लागेल.

आपल्या बैठकीत वेडी, खुळी, चक्रम हे शब्द कुणाही बाईसाठी शिक्का म्हणून वापरायचे नाहीत, असं ठरवू. लेकराला लाडानं येडं म्हणा, त्याला कोण नाही म्हणतंय?

कुणी दोन बैठकांना आली नाही तर दंड लावण्याआधी दोघींनी तिच्या घरी जाऊन बसायचं. विचारायचं, झोप लागते का, जेवतेस का. सल्ला द्यायची घाई करायची नाही, आधी ऐकायचं.

डॉक्टरकडे जायचं तर आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढं जिल्हा रुग्णालयात पाठवतात, तिथं मानसिक आजारांवर उपचार मिळतात. सोबत एक मैत्रीण जावी. या गोळ्यांचा गुण यायला कधीकधी दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत सोडून देऊ नका. बरं वाटलं म्हणूनही मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा. आणि तिच्या गोळ्या म्हणजे ती वेडी असल्याचा पुरावा, असं कुणी म्हणालं तर त्याच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून द्या.

आता नंबर लिहून घ्या. १४४१६, टेली-मानस. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. दुसरा नंबर १५१००, मोफत कायदेशीर मदतीसाठी. बाईला या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. तिसरा १८१, महिला हेल्पलाइन. गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर हे तिन्ही नंबर लिहून ठेवा.

आणि ते रजिस्टर नीट ठेवा. ज्या बाईला पुढं कुणी वेडी म्हणेल, तिची दर महिन्याची सही, तिचा हिशेब, बैठकीत तिनं मांडलेलं म्हणणं त्यात लिहिलेलं असेल. वहिनीच्या वेळी ते कामाला आलं होतं.

पुढच्या बैठकीत आजचे दोन प्रश्न घेऊन बोला. तुमच्या गावात, तुमच्या आळीत कुणाला वेडी म्हणतात? नाव घेऊन चर्चा करू नका, तिची शोभा करू नका. पण मनात तिला आणा. तिला त्रास होतोय का? आणि तिला वेडी म्हटल्यानं कुणाचं फावतंय? उत्तर मिळालं की बैठक संपल्यावर दोघीजणी तिच्या घरी जा. चहा घ्या, तिच्याशी बोला, ती काय म्हणते ते ऐका.